मेजरांचे 20 टक्के

मीरा रोडला आमच्या शांतीनगरात फौजेतून आलेला कुठलाही माणूस मेजर असतो. आमच्या सोसायटीतले मेजर 2005 साली तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. गल्लीने परस्पर दिलेली ही बढती त्यांनी कधी नाकारली नाही. मूळचे साताऱ्याकडचे. नोकरी चोवीस वर्षं, त्यात 1999 चं द्रास आणि कानाशी 155 मिलिमीटरची बोफोर्स. त्यांच्याशी खाजगी बोलायचं म्हणजे आख्ख्या बी विंगला विश्वासात घ्यावं लागतं.

घरी सोडताना मेडिकल बोर्डाने कानांचं अपंगत्व 20 टक्के लिहिलं आणि खाली शेरा मारला: सैनिकी सेवेमुळे झालेलं नाही, सेवेमुळे वाढलेलंही नाही. म्हणजे तोफा सरकारी कामासाठी वाजत होत्या आणि मेजरांचे कान आपले घरगुती कारणाने बिघडत होते! अपंगत्वाच्या पेन्शनला किमान 20 टक्के लागतात. ते होते. शेरा आडवा आला.

तेव्हापासून मोहीम चालू आहे. नाशिक रोड कॅम्पच्या रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर पत्रं जातात, त्यांच्या पोचपावत्या तारखेवार फायलीत लागतात. मीरा रोड ठाणे जिल्ह्यात, म्हणून सैनिक कल्याणचं ऑफिस ठाण्याला. घोडबंदर रोडने जावं तर ट्रॅफिक, लोकलने जावं तर दादरला उतरून पुन्हा उलटं यायचं. मेजर दादरमार्गे जातात. "शत्रूवर समोरून जायचं नसतं," म्हणतात. दहाच्या कामाला आठला हजर. कुलूप उघडणाऱ्या शिपायालाही आता त्यांची केस तोंडपाठ आहे.

बोलण्यात सारखे धरमवीर आणि रामअवतार. "धरमवीरने 2013 लाच रस्ता मोकळा केलाय. पुढचं रामअवतार बघतो." वहिनींना वाटायचं, तोफखान्याच्या बॅटरीतले जुने दोस्त असतील. शेवटी त्या म्हणाल्या, एवढं करतायत बिचारे, एकदा जेवायला तरी बोलवा. मग खुलासा झाला की हे सुप्रीम कोर्टाचे निकाल आहेत. धरमवीर सिंग खटल्यात कोर्ट म्हणालं, भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल, तर तो नोकरीमुळेच झाला असं धरायचं. तसं नाही हे सरकारने सिद्ध करावं. आणि रामअवतारने डिसेंबर 2014 मध्ये मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही टक्के वर ओढून घ्यायची सवलत मिळवून दिली. पन्नासच्या आतले असतील तर सरळ पन्नास. खालच्या किराणावाल्या शेठने हे ऐकून वजन करता करता हात थांबवला. वीसचे पन्नास? त्याने स्कीमचं नाव विचारलं.

एवढा कायदा पाठीशी असून खरी अडचण मेजरच आहेत. त्यांना आजारी दिसताच येत नाही. डॉक्टरने नुसतं "कसं काय?" विचारलं की टाचा जुळतात, छाती पुढे येते आणि "एकदम बढिया, साहेब!" वकिलाने कपाळाला हात लावला. अहो, तुम्ही अपंगत्व मागताय. मेजर म्हणाले, मागतोय, पण रडून नाही मागणार.

शेवटी केस फौजेच्या ट्रायब्युनलपुढे गेली. त्याने नव्याने मेडिकल बोर्ड भरवायला सांगितलं, तेव्हा वहिनींनी आधी रंगीत तालीम म्हणून त्यांना एका खाजगी तपासणीला नेलं. कानाला हेडफोन, हातात बटण. शिटी ऐकू आली की दाबायचं. मेजरांना त्यातलं एवढंच कळलं की बटण दाबायचा हुकूम झालाय. दर तीन सेकंदांनी, परेडच्या ठेक्यात, ते दाबत राहिले. तपासणारी मुलगी रिपोर्टकडे पाहतच राहिली. शिटी वाजायच्या आधी ऐकू येणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला होता.

खरी तपासणी कुलाब्याला, नौदलाच्या अश्विनी हॉस्पिटलात. चर्चगेटपर्यंत वहिनी एकच वाक्य घोकून घेत होत्या, आणि डबाभर लोकांनाही ते पाठ झालं: ऐकू आलं तरच दाबायचं, नाहीतर गप्प बसायचं. मेजर गप्प बसले. समोरचा डॉक्टर खुंट्या फिरवतोय, आवाज वाढवतोय, मेजर ढिम्म. बटणावर अंगठा तयार, नजर समोर. शिस्त मोडली नाही. बऱ्याच वेळाने मात्र त्यांना त्या तरुण अधिकाऱ्याची दया आली. उभे राहिले, सॅल्यूट ठोकला आणि तोफखान्याच्या आवाजात म्हणाले,

"साहेब, मशीन बंद पडलंय आपलं!"