न सांगता गेलेल्यांचा हिशेब

वेबच्या जगात निरोप घ्यायची पद्धत नाही. माणूस बँकेच्या साइटवर शिरतो, शिल्लक बघतो, सुस्कारा टाकतो आणि टॅब बंद करून भाजी आणायला निघून जातो. लॉगआउटचं बटण वर कोपऱ्यात ताटकळत उभं असतं. त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. सर्व्हरच्या लेखी तो माणूस अजून शिल्लकच बघतोय.

मुळात एचटीटीपीला ओळख ठेवायची सवय नाही. दर विनंती त्याला परकीच. 1994 साली नेटस्केपमधल्या लू माँटुली यांनी कुकी आणली आणि ओळख ठेवायची सोय झाली. सर्व्हर कुकीतून एक ओळखक्रमांक देतो आणि आपल्याकडे त्या क्रमांकाचं खातं उघडतो, तेच सेशन. आलेला माणूस ओळखता येऊ लागला. गेलेला ओळखायचं मात्र राहूनच गेलं. मग उरला अंदाज: बराच वेळ हाक आली नाही, त्या अर्थी गेला असावा. हा ‘बराच वेळ’ टॉमकॅटच्या मते 30 मिनिटांचा, एएसपी डॉट नेटच्या मते 20 मिनिटांचा आणि पीएचपीच्या मते 1440 सेकंदांचा, म्हणजे 24 मिनिटांचा. पीएचपीचा स्वभाव तर त्याहून न्यारा. मुदत संपली म्हणून ती लगेच केर काढत नाही. तिच्या मूळ मांडणीत, सेशन सुरू होताना 100 चिठ्ठ्यांतली एक निघाली तरच झाडू हातात येतो. वर्दळ नसलेल्या साइटवर केर दिवसेंदिवस तसाच पडून राहतो.

आता यात डिपेंडन्सी इंजेक्शनची भर घाला. हे मंगल कार्यालयासारखं आहे. आचाऱ्याने पातेली घरून आणायची नाहीत, कार्यालय देईल. कोडमधल्या ऑब्जेक्टनेही लागणारी साधनं स्वतः बनवायची नाहीत, कंटेनर देईल. खरी सुखाची गोष्ट पुढे आहे: भांडी ज्याची, ती मोजून परत घेण्याची जबाबदारीही त्याचीच. जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कमध्ये सेशनपुरतं बनवलेलं ऑब्जेक्ट सेशन संपताच कंटेनर परत बोलावतो आणि त्याच्या प्री-डिस्ट्रॉय मेथडला आवराआवर करायला लावतो. प्रोटोटाइप जातीचं ऑब्जेक्ट मात्र एकदा दिलं की दिलं. त्याची आवराआवर ज्याने मागितलं त्याने बघावी. आणि सिंगलटनने, म्हणजे कार्यालयाच्या कायमच्या व्यवस्थापकानेच, एका लग्नाचं पातेलं स्वतःच्या कपाटात ठेवलं, तर कालच्या लग्नातली आमटी आजच्या पंगतीत वाढली जाते. एकाच्या खरेदीच्या यादीत दुसऱ्याच्या चपला दिसतात, त्या अशा. म्हणून सिंगलटनच्या हाती खरं ऑब्जेक्ट न देता प्रॉक्सी द्यायची. ती दर वेळी विचारते, ‘सध्या कोणाचं सेशन चालू आहे?’

आणि नेमकी इथेच गंमत होते. लॉगआउटचं बटण दाबलं की सेशन त्याच विनंतीच्या पोटात संपतं; माणूस हजर, विनंती हजर, आवराआवर झकास. मुदत संपून सेशन गेलं तर ते काम टॉमकॅटचा मागे राबणारा थ्रेड करतो, साधारण मिनिटाला एका फेरीत. तिथे विनंती नसते. सफाईचा कोड सवयीने विचारतो, ‘सध्याचा वापरकर्ता कोण?’ आणि स्प्रिंग एक्सेप्शन फेकतं. बरोबरच आहे, वापरकर्ता असता तर सफाई कशाला निघाली असती? एएसपी डॉट नेटमध्ये सेशन सर्व्हरच्या स्वतःच्या मेमरीत नसून डेटाबेसमध्ये असेल, तर सेशन-एंडची हाक कधी येतच नाही.

बरं, मुदत मोजायची तरी कशात? टॉमकॅटकडे वेब डॉट एक्सएमएल फाइलमध्ये ती मिनिटांत लिहायची, पण तीच जावा कोडमधून द्यायची तर सेकंदांत. तिथे भाबडेपणाने 30 लिहिलं की ग्राहक पत्ता टाइप करेपर्यंत बाहेर. उलट एक्सएमएलमध्ये 1800 लिहिलं तर पाहुणचार 30 तासांचा. आणि पानावरची ती सूचनांची घंटा! ती दर थोड्या वेळाने सर्व्हरला विचारते, ‘काही नवीन?’ प्रत्येक विचारणीला मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू. माणूस दोन दिवस गावाला गेलेला, टॅब उघडा, आणि सर्व्हरच्या मते स्वारी भलतीच कामात.

या सगळ्यांत एक साम्य आहे. सांगून जाणाऱ्यांसाठी आपण सगळी व्यवस्था चोख करतो आणि चाचणीही त्यांच्यावरच घेतो. जग मात्र न सांगता जाणाऱ्यांनी भरलेलं असतं. तेव्हा सफाई तपासताना लॉगआउटचं बटण विसरावं. आवराआवरीला लागेल ते सगळं सेशनपुरत्या ऑब्जेक्टमध्ये आधीच ठेवावं, मुदत एका मिनिटावर आणावी, सफाईच्या फेरीसाठी आणखी एक मिनिट धरावं आणि सरळ उठून चहाला जावं. परत येऊन लॉग वाचावा. चहाला जाणं हाच कामाचा अधिकृत भाग, असे प्रसंग नोकरीत फार थोडे येतात. साहेबांनी विचारलं तर खुशाल सांगावं की सेशन संपायची वाट बघतोय.