रेकॉर्डवाले काका

जुन्या ग्रामोफोन तबकड्यांवरचे आवाज संगणकात उतरवणाऱ्या निवृत्त गृहस्थांचा एक वर्ग वर्धा जिल्ह्यात आढळतो. शेजारीपाजारी त्यांना ‘रेकॉर्डवाले काका’ म्हणतात. घरात ‘हे’ म्हणतात, आणि ‘हे’ कुठे आहेत असे विचारल्यास आतल्या खोलीकडे बोट दाखवतात. वय साठीच्या पुढचे. पूर्वीची नोकरी बँकेत, रेल्वेत, वीज मंडळात किंवा शाळेत. वर्ध्याच्या रामनगरापासून पुलगाव, आर्वी, हिंगणघाटपर्यंत त्यांची वस्ती तुरळकच. एकाच गावात दोघे निघाले, तर ते एकमेकांच्या सुईबद्दल चांगले बोलत नाहीत.

काकांचा माल दोन ठिकाणांहून येतो. पहिले म्हणजे कापसाचा पैसा ज्यांनी पाहिला अशा जुन्या घरांचे माळे. दुसरे ठिकाण अधिक सुपीक: बंद पडलेल्या साऊंड सर्व्हिसवाल्यांच्या पत्र्याच्या पेट्या. लग्नात, गणपतीत लाऊडस्पीकर भाड्याने देणाऱ्या या मंडळींकडे सिनेगीतांच्या तबकड्या ढिगाने असत. पोलादी सुई दर बाजूला बदलायची असते हा नियम लग्नाच्या धामधुमीत कोण पाळणार? त्यामुळे वरातीची गाणी खरवडून पांढरी पडलेली असतात, आणि पेटीच्या तळाशी चुकून आलेला एखादा ख्याल मात्र कोरा करकरीत निघतो.

तबकड्यांच्या जाती मुख्यतः दोन. मिनिटाला ७८ फेरे घेणारी लाखेची तबकडी. बहुधा १० इंची, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटे, आणि हातातून पडली की तुकडे. दुसरी व्हायनिलची एलपी. ती अमेरिकेत १९४८ साली आली, मिनिटाला सव्वातेहतीसहून किंचित जास्त फेरे घेते आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे वाजते. आपल्याकडच्या बहुतेक तबकड्या कोलकात्याच्या दमदम कारखान्यात दाबल्या गेल्या. रागदारीच्या मैफलीत इतर श्रोते ‘वा!’ म्हणतात, तिथे काका तबकडीच्या मधल्या भागात कोरलेला मॅट्रिक्स नंबर सांगतात. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने अशा नंबरांच्या अभ्यासाला शिस्त लावली. काकांनी शिस्त सोडून फक्त नंबर उचलले.

वर्ध्याच्या काकांना एक दुखणे मात्र जास्तीचे असते. गांधीजी १९३४ साली वर्ध्यात आले आणि १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला गेले. त्यामुळे इथल्या प्रत्येक जुन्या घराला बापू आपल्याकडे काहीतरी विसरून गेले आहेत असे वाटते. त्यात भर अशी की गांधीजींची एक तबकडी खरोखरच आहे. १९३१ च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये कोलंबिया कंपनीने त्यांना ध्वनिमुद्रणाची गळ घातली, तेव्हा राजकारण टाळून त्यांनी ईश्वराविषयीचा आपला जुना लेख वाचून दाखवला. दोन बाजू, मिळून सहा मिनिटे. ही माहिती अर्धवट पसरल्यामुळे वर्षातून एक-दोनदा कुणीतरी पंच्यात गुंडाळलेले काहीतरी घेऊन येतो आणि हळूच म्हणतो, ‘‘काका, बापूचा आवाज हाय यात.’’ लावून बघावे तर घरच्यांना इंग्रजी शिकवण्यासाठी कुणा पूर्वजाने मागवलेला लिंग्वाफोनचा पाठ निघतो. काका निराश होत नाहीत. तोही उतरवून घेतात.

उतरवण्याआधी धुणे. एलपीला सौम्य साबणाचे पाणी चालते, थोडे स्पिरिटही चालते. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावले की लाख विरघळते आणि फडक्यावर काळा रंग येतो. नवशिका काका ‘किती मळ निघाला!’ म्हणून खूश होतो; तो मळ नसून गाणे असते. सुईचेही तसेच. ७८ची खाच रुंद, एलपीची बारीक. एलपीची सुई ७८वर टेकवली तर ती खाचेच्या तळाशी जाऊन ऐंशी वर्षांची धूळ वाचत बसते.

यानंतर घूं येते. काटा टेकवण्याआधीच स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ असा आवाज निघतो, तो विजेच्या ५० हर्ट्‌झचा. टर्नटेबलची अर्थिंगची तार सुटलेली असणे हे त्याचे नेहमीचे कारण. पण काका मुळावर घाव घालतात. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यातली माती वाळते म्हणून घूं वाढते, असा त्यांचा सिद्धांत. त्यासाठी ते अंगणातल्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालून रोज बादलीभर पाणी ओततात. नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या घरात या सिद्धांताला फारसे अनुयायी मिळत नाहीत.

ध्वनिमुद्रण सुरू झाले की घरात संचारबंदी लागते. कुकर लावायचा नाही, फोडणी द्यायची नाही, शिंकायचे असल्यास अंगणात. वास्तविक टर्नटेबलमधून आवाज तारेने थेट संगणकात जातो. खोलीतला आवाज टिपायला तिथे मायक्रोफोनच नसतो. हे काकांच्या पत्नीला पहिल्या आठवड्यातच कळलेले असते. ‘‘वायरीले कान असते का जी?’’ या त्यांच्या प्रश्नाला काकांपाशी उत्तर नाही. एका बाबतीत मात्र काकांचे बरोबर आहे: जवळून कुणी धपधप चालत गेले तर टेबल हलते, सुई हलते आणि तो धक्का गाण्यात कायमचा जातो. कूलर किंवा मिक्सर सुरू होतानाचा झटकाही विजेच्या लाइनीतून येऊन ‘टक्‌’ म्हणून उमटतो. म्हणून मे महिन्यात, पारा ४५ वर असताना, काका कूलर बंद करून बनियनवर, डोक्याला ओला दुपट्टा बांधून एलपीची पूर्ण बाजू ऐकत बसतात. वेळ वाचवण्याची सोय यात नाही. बावीस मिनिटांची बाजू उतरवायला बावीस मिनिटेच लागतात.

‘ऐकत बसतात’ हेही सैलच झाले. काका गाणे ऐकत नाहीत, खरखर ऐकतात. पडद्यावर आवाजाची हिरवी-निळी नक्षी सरकत असते, तिच्यात टाचणीसारखे उभे टोक दिसले की तो ओरखडा. टोक मोठे करायचे, खुणा करायच्या, दुरुस्तीचे बटण दाबायचे, पुढचे टोक. ऑडॅसिटी हा २००० साली आलेला फुकटचा कार्यक्रम ही सोय देतो आणि तिच्या जोरावर अनेक घरांतले संसार टोकाटोकाने पुढे सरकत आहेत. आळशी काका सगळी टोके एकदम काढायला सांगतात. तुकडोजी महाराजांच्या भजनावर हा प्रयोग झाला की यंत्र खंजिरीचा प्रत्येक ठोका ओरखडा समजते आणि भजनातून नेमकी खंजिरी नाहीशी होते. विदर्भात हा गुन्हा लहान नाही.

खरखर काढण्याची दुसरी युक्ती अशी: जिथे फक्त खरखर आहे असा तुकडा यंत्राला दाखवायचा, म्हणजे ते तसा आवाज सगळीकडून वजा करते. गाणे सुरू होण्यापूर्वीचा तुकडा दाखवताना काकांच्या लक्षात येत नाही की तिथे तानपुरा सुरू झालेला आहे. मग तानपुरा वजा होतो आणि बुवा विहिरीच्या तळाशी उभे राहून गायल्यासारखे वाटतात. आपोआप तुकडे पाडण्याची सोयही अशीच नडते. जुन्या काळी तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला दाबल्या जात, तिथल्या लोकांना ओळख पटावी म्हणून गायिका शेवटी आपले नाव सांगत. गौहरजानचे इंग्रजीतून सांगणे प्रसिद्धच आहे. यंत्र त्या नावाला तीन सेकंदांचे स्वतंत्र गाणे मानून क्रमांक देते, आणि काकांच्या यादीत ते ‘गौहरजान, राग अज्ञात’ असे पडते.

सीडीला आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने पुरतात. काका ९६,००० घेतात, तेही २४ बिटांत. मिनिटाला सुमारे ३५ एमबी. लाखेच्या तबकडीवर फार उंच कंपने मुळात नसतात, आणि असती तरी साठी उलटलेल्या कानाला ऐकू येत नाहीत. मग हार्ड डिस्क भरते, दुसरी येते, आणि पहिलीची नक्कल असावी म्हणून तिसरी. ‘‘आजोबा, हे गाणं यूट्यूबवर आहे ना,’’ असे नातू सुट्टीत येऊन म्हणतो. काकांचे उत्तर ठरलेले: ‘‘ते त्यांनी उतरवलेलं आहे.’’

वाटपात काका उदार. पाहुण्याला चहा, गोरसपाक आणि पेनड्राइव्ह मिळतोच. कायदा विचारल्यास ते ‘जुनं आहे, चालतं’ म्हणतात. ते निम्मेच खरे. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो, पण शब्दांचा हक्क कवीच्या निधनानंतर ६० वर्षे. गदिमा १९७७ साली गेले. त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत बांधलेले आहेत, तबकडी कितीही जुनी असो.

एवढे सगळे असूनही काकांना बोलावण्यात शहाणपण आहे, कारण वर्ध्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर व्हायनिलची तबकडी पापडासारखी वाकते आणि मग तिला काकाही सरळ करू शकत नाहीत. ज्यांच्या घरी अशी पेटी असेल त्यांनी ती मार्च संपण्यापूर्वी खाली काढावी, तबकड्या एकावर एक न रचता उभ्या ठेवाव्यात, स्पिरिट लावू नये, आणि काकांना देताना आधी मोजून द्याव्यात.