तर्रीराव, उद्यापासून चमच्याने हजेरी

रा. रा. तर्रीराव तेलकर यांस,
मुक्काम कढई, पोस्ट वरणगाव, तालुका भुसावळ, जिल्हा जळगाव.



आपल्याला पत्र लिहायला उशीर झाला. गुन्हा घडल्यापासून आम्ही भलत्यांच्याच दारात जाऊन झडत्या घेत होतो. गुन्हा कोणता, ते आपल्याला ठाऊक आहेच. ऊन तापायच्या आत फॅक्टरीच्या रस्त्याला झपझप चालून येणारी, दोनच वेळा जेवणारी, लग्नात गुलाबजामकडे पाठ करून बसणारी बाई महिनाअखेरीला काट्यावर उभी राहते, आणि काटा मागे यायचा सोडून पुढे सरकलेला असतो. अशी मी एकटी नाही. पहाटे चालणाऱ्यांच्या आमच्या घोळक्यात निम्म्या जणींची हीच फिर्याद आहे.

संशयितांच्या यादीत आपलं नाव नव्हतं, याबद्दल आपलं अभिनंदन. भाताला आम्ही पहिल्याच झटक्यात तडीपार केलं. मागोमाग साखर गेली. बटाट्यानं काही केलेलं नसताना तोही गेला. सगळ्यांत वाईट झालं ते केळ्याचं. जळगावच्या ज्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्याच जिल्ह्यात आम्ही ‘केळ्यानं वजन वाढतं’ म्हणून टोपलीवर फडकं टाकलं. एका मध्यम केळ्यात साधारण १०० कॅलरी. आपल्या एका मोठ्या चमच्यात १२०. पण केळं सालीसकट समोर दिसतं, एक-दोन असं मोजता येतं, म्हणून ते पकडलं गेलं. त्याच केळ्याच्या चकत्या आपल्यात बुडून वेफर्स होऊन निघाल्या, की उपवासाला चालतात आणि देवाच्या नावावर सुटतात.

मग पाळी आली थायरॉइडची. रक्त दिलं, रिपोर्ट आला, सगळं नॉर्मल. नॉर्मल रिपोर्ट पाहून एवढं खट्टू झालेलं गिऱ्हाईक त्या लॅबवाल्यानं आधी पाहिलं नसेल. थायरॉइड खरोखर मंदावला तर वजन चढतं, पण त्यातला पुष्कळ भाग साठलेल्या मीठ-पाण्याचा असतो. काही औषधांनीही चढतं. ज्यांची ती भानगड असेल त्यांनी डॉक्टरकडे जावं, आपल्याला पत्रं लिहीत बसू नये.

पाण्यावरही संशय होता, आणि तो मात्र काही अंशी खरा निघाला. व्यायाम नवा असतो तेव्हा स्नायू ग्लायकोजेनचा साठा वाढवतात आणि त्याच्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतात. दुखऱ्या स्नायूंना थोडी सूज असते, ती वेगळी. त्यामुळे सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत किलोभर वजन वाढलं तर तो आळ आपण अंगावर घेऊ नये. आम्ही न्यायानं वागणारी माणसं आहोत. पण सूज उतरली, पाय दुखायचे थांबले, आणि काटा तरीही उतरायला तयार नाही, तेव्हा कढईकडे पाहावं लागलं.

१९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी आमच्यासारखीच माणसं तपासली होती. १२०० कॅलरीही खात नाही आणि वजन हलत नाही, अशी त्यांची तक्रार. शरीर खरोखर किती ऊर्जा खर्च करतं ते मोजलं, तर त्यांच्या चयापचयात काही खोट नव्हती. ती माणसं प्रत्यक्ष खात होती त्यातलं जवळपास निम्मं वहीत उतरतच नव्हतं, आणि व्यायाम मात्र वहीत दीडपट होत होता. त्यांच्यातही थायरॉइडची औषधं घेणारे पुष्कळ होतेच. आता न्यूयॉर्कच्या वहीतून काय निसटलं ते तिथल्यांनी पाहावं. वरणगावच्या वहीतून कोण निसटतं, ते मी चांगलं ओळखते.

आमच्या वह्या पाहा. ‘रात्री : साधी खिचडी.’ बस, एवढंच. त्या खिचडीवर ताटात कच्चं शेंगदाणा तेल ओतलं, बोटानं आळं करून त्यात ओतलं, ते कुठे आहे? ‘सकाळी : कळण्याची भाकरी, ठेचा.’ वा, किती पौष्टिक! ठेचा ज्याच्यात पोहत होता तो डोह कुठे आहे? ‘वांग्याचं भरीत.’ वांगं म्हणजे भाजीच, तिचं काय वजन वाढणार? काड्यांवर खरपूस भाजलं, लाकडी बडजीत ठेचलं, इथवर सगळं निर्मळ. पुढे कांद्याची पात, मिरच्या, शेंगदाणे घालून आपली फोडणी बसते, आणि कडेनं तेल सुटेपर्यंत कुणी समाधानानं मान हलवत नाही. शेवभाजीत तर आपण दोनदा येता, एकदा शेवेच्या पोटातून आणि एकदा रश्श्याच्या डोक्यावरून. बट्टी आधी वाफवायची आणि मग तळायची. बरोबरच्या घोटलेल्या वांग्याच्या भाजीवर बोटभर तवंग. आणि वहीत? ‘वरण-बट्टी, २ नग.’

आपली खरी हुशारी याच्या पलीकडची आहे, आणि तिला मी मनापासून दाद देते. आपण पदार्थ म्हणून घरात राहत नाही, इभ्रत म्हणून राहता. पाहुण्याच्या वाटीत तर्री दिसली नाही तर तो जेवून जातो, पण गावभर सांगतो की त्यांच्याकडे कोरडी भाजी वाढली. सून भाजीत तेल किती घालते यावर तिच्या माहेरचा हात सढळ की आखडता, ते ठरतं. आमच्या सासूबाई माझ्या डाएटच्या आड कधीच आल्या नाहीत. भात नको? नको खाऊ. साखर नको? नको घेऊ. फक्त फोडणीच्या वेळी मागून येऊन भांडं वाकडं करतात आणि म्हणतात, ‘माय, एवढ्याशा तेलानं काय होतं?’ इभ्रत कुणी चमच्यानं मोजतं का? म्हणून आपण मोजले गेला नाहीत.

आणि हे कुठे घडतं, तर वरणगावात. १९६२ च्या चीन युद्धानंतर इथे आयुध निर्माणी, म्हणजे आमची फॅक्टरी, आली; १९६४ पासून इथे रायफलींची काडतुसं बनतात. आमच्या गल्लीतली अर्धी माणसं तिथे हाडं झिजवून निवृत्त झाली. काडतुसात दारू कणभर जास्त पडली तर चालत नाही, हे त्या माणसांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. तीच माणसं घरी येऊन ताटावर बसली, की आपल्याला डोळे मिटून, अंदाजपंचे, पळीनं ओतून घेतात. एवढ्या काटेकोर गावात आपण इतकी वर्षं बिनमापाचे फिरलात.

आपलं घराणं थोर, हेही मान्य करावं लागेल. २९ डिसेंबर १९४५ ला आमच्याच खानदेशात, अमळनेरला, महंमद हाशम प्रेमजींनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली. काम वनस्पती तूप बनवायचं, म्हणजे आपल्याच भाऊबंदकीचं. १९६६ मध्ये वडील गेले आणि एकविसाव्या वर्षी अझीम प्रेमजी कारभार बघू लागले. पुढे त्याच कंपनीची विप्रो झाली आणि ती संगणकात जाऊन बसली. अमळनेरात ज्यांनी तेव्हाचे शेअर जपून ठेवले, त्यांची पुंजी वाढली. आम्ही आपल्याला कढईत जपलं, आमच्या कमरा वाढल्या. गुंतवणूक दोन्हीकडे दीर्घ मुदतीचीच होती.

महाराष्ट्रात मध्यंतरी जेवणावरून दोन तट पडले होते, आठवतं ना? एका बाजूला श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित, म्हणजे दोनच जेवणं, प्रत्येक ५५ मिनिटांत उरकायचं आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर, म्हणजे थोड्या-थोड्या वेळानं खा, घरचं खा, तुपाला घाबरू नका. घराघरांत नवरा एका पक्षात, बायको दुसऱ्या. आमच्या चालणाऱ्या घोळक्यात तर ओटीवर बसून वादविवाद व्हायचे, आणि ते होईपर्यंत कुणाकडून तरी गरमागरम भजी यायची. दोन्ही पक्षांच्या कार्यकर्त्यांच्या स्वयंपाकघरात आपण तेवढ्याच मोकळेपणानं वावरत होता. कुणाच्या कितीदा जेवण्याशी आपलं कधीच वैर नव्हतं.

त्या साडेचार किलोमीटरचा हिशोब सांगते. साधारण ७० किलोच्या माणसानं ते अंतर झपझप काटलं तर दोनशे-अडीचशे कॅलरी जळतात. घाम, धाप, मागे लागलेली कुत्री, हायवेच्या बाजूला ट्रकची धूळ, सगळं धरून. आपले दोन मोठे चमचे म्हणजे २४०. फोडणी तडतडायच्या आत आपण माझी अख्खी पहाट परत वसूल करता, आणि वर चालून आल्यावर लागलेली भूक असतेच. मेहनतीची भूक म्हणून तिला कुणी अडवत नाही.

आता डब्याचा हिशोब. चौघांचं घर, महिन्याला पाच लिटरचा डबा. आमच्याकडे हा कंजूषपणाच समजला जातो. लिटरचे सुमारे ९१० ग्रॅम धरले तर माणशी दिवसाला ३८ ग्रॅम पडतात, म्हणजे ३४० कॅलरी. यात ढाब्यावरची शेवभाजी, पंगतीतली बट्टी, दुकानातलं फरसाण धरलेलं नाही. बैठं काम करणाऱ्याला दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम पुरे, असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगत आली आहे. देशाची सरासरी वर्षाला दरडोई १९ किलोच्या वर, म्हणजे दिवसाला ५० ग्रॅमच्या पुढे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये तेल १० टक्के कमी करा असं सांगितलं, तेव्हा आमच्या घरात सगळ्यांनी माना डोलावल्या आणि टीव्हीपुढे बसून कुरडया तळून खाल्ल्या.

तक्रार नाही, पण एक सांगते. आमचे आजे-पणजे आपल्याला असंच ओतून घ्यायचे आणि त्यांचं काही बिघडलं नाही, हा आपल्या वकिलांचा लाडका मुद्दा. खरा आहे. ते दिवसभर कपाशी वेचत, केळीचे घड डोक्यावरून वाहत, बैलामागे नांगर धरून चालत, फॅक्टरीत सायकलनं जात. त्यांना आपली गरज होती. आम्ही सायकल विकली, नांगर ट्रॅक्टरला दिला, आणि तेल मात्र त्यांच्याच मापानं घेतलं.

आपल्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ असं ठळक छापलेलं असतं, त्याचंही कौतुक करायचं राहिलंच. कोलेस्टेरॉल प्राण्यांपासून येणाऱ्या पदार्थांत असतं. शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन, करडई, कुणाच्याच तेलात ते कधी नव्हतं. जो गुन्हा आपल्या हातून होणं शक्यच नव्हतं, तो केला नाही म्हणून आपण छातीवर बिल्ला लावून फिरता. आणि ‘लाइट’ म्हणाल, तर ग्रॅममागे ९ कॅलरी हे माप साऱ्या तेलांना सारखंच. तुपाला नावं ठेवून तेल वाढवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं असतं तरी पुष्कळ होतं.

आमचे हे या सगळ्यावर पेपरमागे हसतात. त्यांचं वजन वाढत नाही ना! हात काडीसारखे, आणि बनियनखाली एक छोटंसं गाठोडं. त्यांच्यासाठी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा दाखला देते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. वजनकाट्यानं दोघांना एकच माप दिलं. तेव्हा अहो, काटा हलला नाही म्हणून तर्रीराव आपल्याकडे राहायला आले नाहीत, असं समजू नका. ते बनियनखाली कधीचे मुक्कामाला आहेत.

तर तर्रीराव, निकाल. तालुक्यातून तडीपार करायचा विचार झाला होता, पण मग पाहुण्यांना वाढायचं काय, आणि शेवभाजीला रंग कुठून आणायचा? शिवाय कोरडी खिचडी मीही खाणार नाही. म्हणून आपल्याला गावातच राहायची मुभा आहे. अट एकच, रोज सकाळी हजेरी. सकाळी बाटलीतून दिवसाचं तेल चमच्यानं वाटीत काढलं जाईल, माणशी चार ते पाच छोटे चमचे, आणि ती वाटी रिकामी झाली की दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत आपण डब्यात. पळी जप्त केलेली आहे. ती सासूबाईंना सापडेल अशा ठिकाणी ठेवलेली नाही.

केळ्यावरचं फडकं काढलं आहे. भाताला परत बोलावलं आहे, मुठीनं मोजून. बटाट्याची माफी मागायची आहे, तो अजून रुसलेला आहे.

आपली,
पहाटे फॅक्टरीच्या रस्त्याला दिसणारी एक

ता. क. : येत्या रविवारी नणंदेच्या शेतात भरीत पार्टी आहे. त्या एका दिवसासाठी हजेरीतून सूट मिळावी, हा आपला अर्ज सासूबाई आणि आमचे हे या दोघांच्या शिफारशीसह पोहोचला. अर्जावर तेलाचे डाग असल्यामुळे तो परत पाठवत आहे. कोऱ्या कागदावर लिहून पाठवा, मग बघू.