मधोमध कोरी

माझी बॅट एका रविवारी संध्याकाळी बदलापूर लोकलने बदलापूरला गेली. मी डोंबिवलीलाच उतरलो. आमच्या दोघांचं तिकीट डोंबिवलीपर्यंतच होतं, म्हणजे पुढचा प्रवास तिने विनातिकीट केला. पण त्या प्रवासाचे पैसे कुणी मागितले नाहीत. बाकी सगळ्याचे मागितले.

आधी मी क्रिकेट खेळतो हे सांगायला हवं, कारण मला पाहून तसं वाटत नाही. आमचा पन्नाशीपुढच्यांचा संघ आहे आणि तो पावसाळ्यात आझाद मैदानावर खेळतो. मुंबईत पावसाळ्यात क्रिकेट खेळण्याचा वेडेपणा १९४८ साली सुरू झालेल्या कांगा लीगने प्रतिष्ठित करून ठेवला आहे. आम्ही त्या लीगमध्ये नाही. तिच्या शेजारच्या गवतात आहोत. आझाद मैदानावर बावीस खेळपट्ट्या. एका सामन्यातल्या स्लिपची पाठ दुसऱ्या सामन्यातल्या मिडऑनला घासते. जुलैत गवत पोटरीपर्यंत येतं आणि त्यात गेलेला चेंडू परतेलच याची खात्री नसते. पूर्वी बरं होतं. क्षेत्ररक्षकाने ‘लॉस्ट बॉल’ असं ओरडायचं आणि फलंदाजाला सहा धावा मिळायच्या. २०१७ च्या ऑक्टोबरपासून तो नियम गेला. आता चेंडू सापडत नाही असं पंचांना पटलं की तो फक्त मृत घोषित होतो. माझ्या कारकिर्दीतले एकमेव सहा त्या जुन्या नियमाचे आहेत, म्हणून मला त्या नियमाबद्दल हळवेपणा आहे.

त्या रविवारीही चेंडू हरवला होता. अर्धा तास वाकून शोधल्यामुळे माझी कंबर गेली, गाडीत बसल्यावर डोळा लागला आणि डोंबिवली आल्यावर मी दचकून जो उतरलो तो थेट जिन्यावरच भानावर आलो. बॅट आणि ग्लव्हज कव्हरसकट वरच्या रॅकवर.

“चेंडू शोधायला अकरा जण जाता,” बायको म्हणाली, “आणि बॅट शोधायला एकटेच निघालात?”

पण तिनेच मला वाचवलं होतं. सोळा वर्षांपूर्वी धोबी तलावच्या दुकानातून ती बॅट आणली, त्याच संध्याकाळी तिने कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करने माझा फोन नंबर लिहून ठेवला होता. माणूस ओळखायला बायकांना लग्नानंतर फार वेळ लागत नाही.

रविवारी रात्री दोनदा अनोळखी नंबरवरून फोन आला. कुणीतरी कर्ज देतंय असं समजून मी घेतला नाही. मंगळवारी तिसऱ्यांदा आला तेव्हा घेतला.

“आपलं काही हरवलंय का?” पलीकडून सावकाश, शुद्ध आणि थोडा अनुनासिक आवाज.

“बॅट! सापडली? काका, तुमचे उपकार कसे फेडू! मागाल ते देतो!”

पलीकडे कागदाची सळसळ झाली. “मागाल ते देतो. लिहून घेतलं. पण साहेब, ‘मागाल ते’ हा आकडा नाही. नेमकं बक्षीस जाहीर केलं असतंत तर मला त्यासाठी दावासुद्धा लावता आला असता. आता फक्त खर्च.”

गृहस्थ दिवाणी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले होते. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर त्याचेही काही लागतील. बदलापूरकर म्हणू. आधी त्यांनी माझी ओळख पटवून घेतली. मी म्हटलं, इंग्लिश विलोची आहे, सात सरळ रेषा आहेत लाकडात. ते म्हणाले, “रेषा सगळ्यांनाच असतात. खूण सांगा.” मी सांगितलं, मागच्या बाजूला माझ्या मुलीने चौथीत असताना स्केचपेनने काढलेलं फूल आहे. ते म्हणाले, “आम्ही त्याला कोबी समजत होतो. पण असू दे, पटली.”

मग त्यांनी यादी वाचली. स्टेशन ते घर शेअर रिक्षा: बॅट आडवी राहिल्याने एक सीट जास्तीची, चाळीस रुपये. बॅट कोरडी पडलेली, सबब जवसाचं तेल, नव्वद रुपये. ग्लव्हजना वास, सबब रात्रभर खिडकी उघडी, सबब डास, सबब कॉइलचा पुडा, तीस रुपये. नातवाने बॅट पाहून हट्ट धरला, सबब त्याला प्लास्टिकची बॅट, एकशे ऐंशी रुपये. आणि मुक्काम, रात्रीचे पन्नास.

“नातवाची बॅट माझ्या खर्चात कशी बसते?”

“वस्तूच्या रक्षणात. ती आणली नसती तर तो तुमची घेऊन अंगणात गेला असता. तिथे दगडी ओटा आहे.”

मी म्हटलं, रेल्वे सुरक्षा दलाचं ते ‘ऑपरेशन अमानत’ असतं की, तिथे जमा का नाही केलीत? त्यावर ते दुखावल्यासारखे म्हणाले, “तिथे तेल लावलं असतं का कुणी?”

याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. सोळा वर्षांत मीसुद्धा लावलं नव्हतं.

“आता वस्तूची किंमत सांगा,” ते म्हणाले.

इथे मी माझ्या दृष्टीने फार चतुर चाल खेळलो. किंमत जास्त सांगितली तर मागणीही वाढेल, असा हिशेब करून मी आवाज पाडला. “अहो, जुनं लाकूड ते. पाचशे रुपये म्हणजे डोक्यावरून पाणी.”

“पाचशे,” ते म्हणाले. पुन्हा सळसळ. “बरं. लिहून घेतलं.”

फोन ठेवल्यावर मी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या भाच्याला गाठलं. त्याने आधी मला धीर दिला. १८७२ च्या करार कायद्याचं १६८ वं कलम सांगतं की वस्तू सापडलेल्या माणसाने ती सांभाळायला आणि मालक शोधायला आपणहून केलेल्या खर्चासाठी त्याला मालकावर दावा लावता येत नाही.

“बघ! मी म्हणालोच होतो.”

“पण खर्च मिळेपर्यंत वस्तू धरून बसता येतं.”

“किती दिवस?”

“मामा, पुढचं कलम वाचू का?” त्याचा आवाज डॉक्टर रिपोर्ट उघडताना बदलतो तसा बदलला. “१६९. वस्तू सर्रास विकली जाणारी असेल, मालक वाजवी खर्च द्यायला तयार नसेल, आणि तो खर्च वस्तूच्या किमतीच्या दोन तृतीयांश झाला, तर सापडणाऱ्याला ती विकता येते. किंमत किती सांगितलीस तू?”

“पाचशे.”

“दोन तृतीयांश म्हणजे तीनशे तेहतीस. मुक्काम सोडून बिल किती?”

चाळीस, नव्वद, तीस, एकशे ऐंशी. तीनशे चाळीस.

“मामा,” भाचा म्हणाला, “तू सात रुपयांनी हरलास.”

मी लगेच बदलापूरला फोन लावला. म्हटलं, काका, मघाशी घाईत बोललो, बॅट पाचशेची नाही, साडेचार हजारांची आहे. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “पाऊण तासात नऊपट. आम्ही आयुष्यभर पोस्टात पैसे ठेवले, साहेब.” पुन्हा सळसळ. “साडेचार हजारांची वस्तू कपाटामागे ठेवणं बरं नाही. आजपासून कपाटात, कुलपात. दर तोच ठेवतो. मी लुबाडणारा माणूस नाही.”

आणि खरं सांगतो, तो नव्हता. लुबाडणारा असता तर मला सोपं गेलं असतं. लुबाडणाऱ्यावर चिडता येतं, त्याच्याशी घासाघीस करता येते, शेवटी निम्म्यावर तोडता येतं. बिलात एक रुपयाही खोटा नसला की माणूस हतबल होतो. कॉइलची पावतीसुद्धा त्यांनी व्हॉट्सअॅपवर पाठवली होती.

शुक्रवारी रात्री झोप आली नाही. शनिवारी जायचं ठरलं होतं. तोवर सहा रात्रींचे तीनशे धरून बिल सहाशे चाळीस होणार होतं. सहाशे चाळीस दोन तृतीयांश असेल, तर बॅटची किंमत नऊशे साठच्या वर असायलाच हवी. म्हणजे दर रात्री ते पन्नास वाढवत होते आणि मला बॅट पंच्याहत्तर रुपयांनी महाग मानावी लागत होती. हिला आजवर इतका भाव मी कधी दिला नव्हता.

मी बायकोला उठवून पिकल्सची गोष्ट सांगितली. १९६६ च्या मार्चमध्ये लंडनमध्ये प्रदर्शनात ठेवलेला फुटबॉलचा विश्वचषक चोरीला गेला. पंधरा हजार पौंडांची मागणी करणारं पत्र आलं. आणि आठवड्याने पिकल्स नावाच्या कुत्र्याने फिरायला गेलेला असताना कुंपणाच्या झुडपाखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो कप हुंगून काढला. “कुत्र्याने बिल लावलं का?” मी विचारलं.

“कुत्र्याने नसेल,” ती कूस बदलत म्हणाली. “मालकाला मिळाले असतील की.”

मिळाले होते. हे मी तिला सांगितलं नाही. तोच चषक पुढे १९८३ साली रिओत पुन्हा चोरीला गेला आणि तो आजतागायत सापडलेला नाही, हेही सांगितलं नाही; कारण तिने लगेच, रिओत कुणी हिशेबी माणूस नसेल, असं म्हटलं असतं.

शनिवारी दुपारी बदलापूर पश्चिमेला त्यांचं घर शोधलं. दारात एक पाच वर्षांचा मुलगा प्लास्टिकच्या बॅटने दगडी ओट्यावर घाव घालत होता. एकशे ऐंशी रुपये सत्कारणी लागताना मी डोळ्यांनी पाहिले. काकूंनी पोहे पुढे केले. मी दचकून बदलापूरकरांकडे पाहिलं. “पोहे आतिथ्यात,” ते म्हणाले. “ते वेगळं खातं.”

मग त्यांनी कपाट उघडून बॅट बाहेर काढली. मला क्षणभर ओळखू आली नाही. तेलाने तिचा रंग मधासारखा झाला होता. सुटलेली ग्रिप पुन्हा नीट चढवली होती, त्याचे पैसेही लावले नव्हते. न्यायालयाच्या संघात ते बावीस वर्षं यष्टिरक्षण करत होते, हे तेव्हा कळलं. त्यांनी चष्मा लावला, बॅट उजेडाकडे धरली आणि मृतदेह दाखवून पंचनामा सांगावा तशा आवाजात म्हणाले, “एक विचारू? लाल डाग दोन्ही कडांना भरपूर आहेत. वर खांद्याला आहेत. खाली टोकाला आहेत. मधोमध कोरी आहे. फारशी वापरलेली दिसत नाही.”

“सोळा वर्षं वापरतोय.”

“अस्सं. मग आपण गोलंदाज असाल.”

“नाही.”

काकूंनी आणखी पोहे घ्यायचा आग्रह केला. घरात कुणाचं काही गेलं असेल तर करतात तसा.

मी सातशे रुपये दिले आणि उदारपणे म्हटलं, राहू द्या वरचे. त्यांनी साठ रुपये मोजून माझ्या हातात ठेवले आणि पावती लिहिली. ‘एक बॅट, जुनी, पाठीवर फूल अथवा कोबी, मधोमध कोरी, मूळ मालकास सुस्थितीत परत.’ सही, तारीख. निघताना त्यांनी हेही सांगितलं की माझं नशीब चांगलं म्हणून बॅट रॅकवर सापडली. जमिनीत पुरलेली सापडली असती तर १८७८ चा निखात निधीचा कायदा आडवा आला असता आणि दहा रुपयांवरचा ऐवज म्हणून थेट जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागलं असतं.

पुढच्या रविवारी आमचा यष्टिरक्षक जावयाकडे गेला आणि संघात दहाच उरले. मी बदलापूरला फोन केला. ते पहिल्या लोकलने आले, पांढऱ्या पँटला कडक इस्त्री करून. मी माझ्या मधाच्या रंगाच्या बॅटने चार धावा केल्या, चारही कडेने. स्टंपमागे उभं राहायची पाळी यायच्या आधीच ते बाजूला बसून प्रत्येकीची नोंद ठेवत होते. नंतर समोरच्यांच्या डावात चेंडू गवतात गेला. बावीसही जण वाकले. पंचांनी घड्याळ पाहिलं. तेवढ्यात लाँगलेगच्या बाजूने, गुडघे टेकलेल्या अवस्थेत, बदलापूरकरांनी हात वर केला. हातात चेंडू होता.

समोरचा कर्णधार हात पुढे करून धावत गेला. मी ओरडणार होतो की आधी किंमत सांगू नकोस; पण त्यांनी चेंडू मुकाट्याने पंचांकडे दिला.

बिल मला संध्याकाळी परतीच्या गाडीत मिळालं. पँटचे गुडघे, धुलाई, पंचवीस रुपये. मी दिले, आणि बॅट मांडीवर घेऊन बसलो.