बुटीबोरीला थांबणारं यंत्र

दादाच्या किराणा दुकानातला गल्ला सागवानी आहे. वरच्या फळीत नाण्यांसाठी पाच वाट्या कोरलेल्या आहेत. रुपयाची वाटी बोटांनी घासून इतकी गुळगुळीत झालीय की नाणं उचलताना दोनदा निसटतं. फळीखाली नोटा. नोटांखाली वहिनींच्या बीपीच्या गोळ्या, रबरबँडचा गोळा, विकून टाकलेल्या सायकलची किल्ली आणि तळाशी हळदीनं पिवळं झालेलं रुपयाचं एक नाणं, ज्याला हात लावायची मुभा कुणालाच नाही. एवढ्या संसाराकडे बोट दाखवून पुतण्या एक दिवस म्हणाला, "आई, आता हे काढू अन् बिलाचं पीओएस मशीन लावू."

"कायले?" वहिनी म्हणाल्या.

आमच्या वर्ध्याकडे हा शब्द प्रश्न असतो, हरकत असते आणि बऱ्याचदा निकालही असतो. पण पुतण्या नागपूरला शिकून आलेला. चैत्र संपता संपता, ऐन दुपारी, नागपूरचा एक तरुण मोठी पेटी घेऊन दुकानात हजर झाला. मी निवृत्त मास्तर, त्यामुळे 'काकाला समजते' या गैरसमजावर मलाही बोलावलं होतं.

पेटीतून काळं चकचकीत टचस्क्रीन निघालं, बंदुकीसारखा स्कॅनर निघाला, बिल छापायचं डबडं निघालं आणि एक लोखंडी ड्रॉवर. पोरानं बिस्किटाच्या पुड्यावर लाल उजेड टाकला, टीं वाजलं, नाव-किंमत पडद्यावर आली. दादा खूश. वहिनींनी पोत्यातली मूठभर तूरडाळ काढून काउंटरवर ठेवली. "याच्यावर मारा बरं ते."

दुकानात बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तो अमेरिकेत, ओहायोतल्या ट्रॉय गावी, 26 जून 1974 रोजी. माल होता च्युइंगमचं पाकीट, किंमत 67 सेंट. जगाचा व्यापार तिथून बदलला म्हणतात. बदलला असेल, पण ते च्युइंगम बांधून आलं होतं. आमच्याकडे अर्धा माल पोत्यातून, डब्यातून आणि गुळाच्या भेलीतून फोडून जातो. त्याला पट्ट्या कुठे डकवणार? पोरगा म्हणाला, "काकू, सुट्या मालाचे कोड टाकून ठेवू. तूर एकशे एक, चना एकशे दोन." वहिनी म्हणाल्या, "मंग पाठ तर मलेच कराव लागन. तुमचं मशीन काय करन?"

ड्रॉवरनं मात्र त्यांचं लक्ष वेधलं. बिल छापलं की प्रिंटरकडून तारेतून इशारा जातो आणि ड्रॉवर टण्णकन उघडतो. बिल नसेल तर किल्ली लागते. शिवाय कधी किती वाजता उघडला, ते कॉम्प्युटर टिपून ठेवतो. या कल्पनेचं मूळही ओहायोचंच. 1879 मध्ये डेटन गावच्या जेम्स रिटी नावाच्या दारूगुत्तेवाल्यानं आपले नोकर गल्ल्यात हात मारतात म्हणून पहिलं कॅश रजिस्टर केलं. आमच्या दुकानात नोकर नाही. हात मारतो तो मालक. रोज दुपारी चारच्या सुमारास, तंबाखूच्या खर्ऱ्यासाठी. वहिनींना हे ठाऊक आहे, वहिनींना ठाऊक आहे हे दादाला ठाऊक आहे, आणि त्यावर वीस वर्षं संसार सुरळीत चाललाय. टण्ण ऐकताच दादाचा चेहरा पडला. पुढचा अर्धा तास त्यानं त्या ड्रॉवरचा असा अभ्यास केला की विचारू नका. शेवटी विजयी सुरात म्हणाला, "याच्यात नोटांचे खण पाच हायेत. दहा, वीस, पन्नास, शंभर, दोनशे, पाचशे. सहा झाले! पाचशेची कुठं ठेवाची?" इतकी मुद्देसूद तक्रार त्यानं जन्मात केली नव्हती.

त्या दिवशी निर्णय झाला नाही. परतताना ऊन उतरेपर्यंत वेळ काढावा म्हणून मी मगनवाडीत शिरलो. मगन संग्रहालय दुकानापासून चालत दहा मिनिटांवर. 1938 साली खुद्द गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं. आम्ही वर्धेकर तिथे पाहुणे आल्याशिवाय जात नाही, तो भाग वेगळा. तिथले तऱ्हेतऱ्हेचे चरखे बघता बघता शाळेत कधीतरी मुलांना सांगितलेली एक गोष्ट आठवली. 1929 मध्ये अखिल भारत चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. आजही लाख म्हटलं की आमचा दादा उठून बसतो. त्या काळी काय झालं असेल! पण बक्षिसापेक्षा अटी बघण्यासारख्या. यंत्र हलकं हवं, खेड्यातल्या घरात हातानं किंवा पायानं चालायला हवं. बाईमाणसाला आठ तास फारसं न थकता चालवता यावं. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको. नीट निगा राखली तर वीस वर्षं टिकावं. आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपुढे जाऊ नये.

मी तिथेच बाकावर बसलो. यंत्र विकत घेणाऱ्यानं विचारायचे सगळे प्रश्न यात आले होते, आणि आम्ही दुपारभर पडदा किती इंचांचा आहे ते विचारत बसलो होतो.

दुसऱ्या खेपेला पोरगा आला तेव्हा वहिनींना मी अटी ऐकवून ठेवल्या होत्या. चहाबरोबर गोरसपाक दिला (वर्ध्यात आलेल्या माणसाला भांडणाआधी गोरसपाक द्यायची रीत आहे) आणि वहिनींनी सुरुवात केली.

"वीस वर्षं चालते का?"

पोराचा हात बशीवर थांबला. "काकू, वॉरंटी एक वर्षाची आहे."

"आन् मंग?"

"मग ए.एम.सी., म्हणजे देखभालीचं वार्षिक कंत्राट. पण प्रिंटरचं हेड दणकट आहे. पन्नास किलोमीटरचं."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मीही चक्रावलो. पोरानं समजावलं, ते खरंच किलोमीटरमध्ये मोजतात. एवढा कागद हेडखालून गेला की त्याचं आयुष्य सरलं. "पन्नास म्हणजे नागपूरबी नाही येत," वहिनी म्हणाल्या. "वाटेत बुटीबोरीलेच बंद पडन हे."

मी पाटी-पेन्सिल काढली. पंधरा सेंटिमीटरचं एक बिल, दिवसाला शंभर बिलं, म्हणजे पंधरा मीटर. बुटीबोरी गाठायला साधारण नऊ वर्षं. वहिनींचा चेहरा जरा निवळला. नऊ वर्षांनी हेड बदलता येतं म्हटल्यावर आणखी निवळला. यंत्राच्या बाजूनं पडलेला हा पहिला कौल.

मग कागद. या प्रिंटरला शाई लागत नाही. कागदावरच रसायनाचा थर असतो आणि हेड तापून जिथे टेकतं तिथे तो काळा होतो. म्हणजे जो कागद उष्णतेनं लिहितो, तोच ऊन, तेल, हळद लागली की विसरू लागतो. आणि आमचं गाव मे महिन्यात पंचेचाळीस अंशांना शिवून येतं! जीएसटीचे कागद तर वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून बहात्तर महिने सांभाळायचे असतात. "ते कॉम्प्युटरमध्ये राहतं," पोरगा म्हणाला. "लाईन गेली तं?" वहिनींनी विचारलं. "यूपीएस आहे, पंधरा मिनिटं." "आमच्याइथं लाईन चहा प्याले नाही जात, मुक्कामाले जाते."

मला त्या पोराची दया आली. तो काही खोटं बोलत नव्हता. निघताना त्यानं मला हळूच विचारलंही, "सर, वीस वर्षं मशीन टिकेल हो. दुकान राहील का?" मी उत्तर दिलं नाही. कोपऱ्यावर मॉल झालाय आणि पुतण्या स्वतः साबण मोबाईलवरून मागवतो.

शेवटी खरेदी झाली ती अशी. टचस्क्रीन नाही, साधा कॉम्प्युटर. कारण सगळं एकाच डबड्यात असलं की एक बिघडताच सगळंच नागपूरला पाठवावं लागतं. स्कॅनर वायरचा, म्हणजे नातू तो घेऊन पळणार नाही. प्रिंटर तीन इंची. दोन इंची कागदावर 'चना डाळ मोठी'ची नुसती 'चना डा' होत होती. वजनकाटा जुनाच, दरसाल वैधमापनवाल्यांचा शिक्का घेणारा. ड्रॉवर नाही. त्या मुद्द्यावर दादा अखेरपर्यंत खिंड लढवत राहिला.

आणि हो, लाख रुपयांचं ते बक्षीस. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानंही एक चरखा घडवून पाहिला, पण अटींना पुरा उतरला नाही. बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

अक्षय तृतीयेला पहिलं बिल काढायचं ठरलं. वहिनींची अट एकच: वहीच्या पहिल्या पानावर असतो तसा वर 'श्री' हवा. पोरानं टाइप केलं, प्रिंटर घरघरला आणि कागदावर एक प्रश्नचिन्ह आलं. त्या डबड्याला देवनागरी येतच नव्हती. नागपूरला फोन झाले, अक्षराचं चित्र करून पाठवा असा तोडगा निघाला, आणि अर्ध्या तासानं ठिपक्याठिपक्यांचा, जरासा बुटका 'श्री' बाहेर आला. खाली गूळ, एक किलो. वहिनींनी त्याला हळदीकुंकू वाहिलं आणि ते बिल लक्ष्मीच्या तसबिरीच्या कडेला खोचलं.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला गेलो तेव्हा वहिनी तसबीर पुसत होत्या. बिल पांढरंफटक झालं होतं. गूळ गेला, किंमत गेली, तारीख गेली. हळदीकुंकवाचा डाग तेवढा होता. वहिनींनी ते उजेडात धरून पाहिलं, गल्ल्यातून बॉलपेन काढलं आणि ठशाच्या अंदाजानं 'श्री' पुन्हा गिरवला. मग खाली गूळही लिहिला.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "भाव किती होता हो तवा?"