एका वेळी एकच

घरातला साधा कॉम्प्युटर बिघडला तर कोणी ढुंकूनही बघत नाही. ‘बंद करून चालू कर’ एवढा सल्ला मिळतो आणि जो तो आपापल्या कामाला लागतो. गेमिंगचा कॉम्प्युटर बिघडला की मात्र घरातल्या, सोसायटीतल्या आणि लांबच्या नात्यातल्या प्रत्येकाला त्याचं कारण ठाऊक असतं. निम्म्या लोकांच्या मते तर ते कारण म्हणजे ‘बरं झालं!’

आमच्याकडचा कॉम्प्युटर कागदोपत्री चिरंजीवांच्या अभ्यासासाठी घेतलेला आहे. चिरंजीव आर्किटेक्चरला आहेत, त्यामुळे ‘त्याला थ्रीडी ड्रॉइंगसाठी ग्राफिक्स कार्ड लागतं’ हे वाक्य खरं आहे. रात्री साडेदहानंतर त्याच कार्डाच्या जिवावर मी युरोपात ट्रक चालवतो, हेही तितकंच खरं आहे. पुण्यात मी संध्याकाळी सहानंतर सिंहगड रस्त्यावर स्कूटरसुद्धा नेत नाही. पण रॉटरडॅमहून म्युनिकला वीस टन चीज वेळेत पोचवावं तर मीच. सोसायटीत माझा हात धरणारा कोणी नाही.

एके रात्री कोलोनच्या अलीकडे झाडं जांभळी झाली. मी चष्मा पुसला. मग पुढच्या गाडीच्या डिकीतून एक काळा त्रिकोण निघाला आणि थेट आभाळाला भिडला. रस्त्यावर रंगीत चौकटी लुकलुकायला लागल्या. ब्रेक दाबेपर्यंत स्क्रीन काळी झाली, आपली आपणच परत आली, आणि कोपऱ्यात निरोप झळकला: डिस्प्ले ड्रायव्हर प्रतिसाद देत नव्हता, आता सावरला आहे.

यामागची व्यवस्था कळल्यावर मला विंडोजबद्दल आदर वाटू लागला. कार्डाला काम सांगितलं की विंडोज दोन सेकंद वाट बघतं. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर कार्ड बेशुद्ध पडलं असं धरून त्याला गदागदा हलवून जागं करतं. दोन सेकंद! मी ज्या खात्यात उभी हयात काढली तिथे हा नियम लावला असता तर सकाळी सव्वादहाला सगळं ऑफिस बेशुद्ध ठरलं असतं.

चित्र बिघडण्याच्या तऱ्हाही अनेक. एक प्रकार चित्र फाटण्याचा. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा नवं चित्र दाखवतो, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात. कार्ड मात्र स्वतःच्या मर्जीने चित्रं पाठवत असतं. मॉनिटर एक चित्र अर्धं रेखाटून झालेला असताना दुसरं येऊन थडकलं की ट्रकचं टप मघाचं दिसतं आणि चाकं आत्ताची. सेटिंगमध्ये व्ही-सिंक चालू केलं की कार्ड मॉनिटरसाठी थांबायला शिकतं.

दुसरा प्रकार झेड-फायटिंगचा. गेममधले दोन पृष्ठभाग अगदी एकाच खोलीवर आले, की पुढे कोण आणि मागे कोण हे ठरवता येत नाही. मग बांधावरून भांडणाऱ्या सख्ख्या भावांसारखे ते आळीपाळीने हद्दीवर हक्क सांगतात आणि ती जागा थरथरत राहते. हा दोष गेम लिहिणाऱ्याचा. कार्ड बिचारं दोघांचं ऐकत असतं.

बिघाडांना घराणंही मोठं आहे. १९८० च्या पॅक-मॅनमध्ये कोणी २५६व्या पातळीला पोचलं की स्क्रीनचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या आणि आकड्यांच्या कचऱ्याने भरून जायचा. पातळी मोजणाऱ्या आकड्याला २५५ पर्यंतच जागा दिलेली होती. एवढं कोणी खेळेल असं वाटलंच नव्हतं. रिकामटेकड्यांच्या चिकाटीचा अंदाज तंत्रज्ञांना तेव्हाही आला नव्हता आणि आजही येत नाही.

माझं दुखणं मात्र यातलं नव्हतं. जांभळी झाडं, आभाळाला भिडणारे त्रिकोण आणि लुकलुकणाऱ्या चौकटी ही लक्षणं कार्डाची, त्यातही त्याच्या मेमरीची. ती तापली, तिला वीज कमी पडली किंवा ती म्हातारी झाली की असं होतं. ड्रायव्हर बिघडला तरी सोंग हेच. म्हणजे चार कारणं आणि एक चेहरा.

चिरंजीव आले. त्यांनी शांतपणे विचारलं, “बाबा, स्क्रीनशॉट काढलास का?”

“आता आठवण म्हणून फोटो कसले काढायचे?”

“अरे, स्क्रीनशॉट कार्डातूनच निघतो, केबलमध्ये शिरायच्या आधी. त्यात झाडं हिरवी आली तर केबल नाहीतर मॉनिटर गंडलाय. जांभळी आली तर गडबड कार्डाची किंवा ड्रायव्हरची.”

इतकं सुटसुटीत निदान मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. स्क्रीनशॉट काढून मोबाइलवर पाहिला. झाडं जांभळीच होती. केबल आणि मॉनिटर निर्दोष सुटले. माझ्या आईने मोबाइल हातात घेऊन लांब धरला आणि म्हणाली, “नीलमोहर काय सुंदर फुललाय रे! यात बिघडलंय कुठे?”

चिरंजीवांनी मग दुसरा नियम सांगितला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, कॉम्प्युटर चालवून बघायचा, फरक पडला नाही तर पुढची. बिघाड शोधायची शास्त्रशुद्ध पद्धत हीच. नियम सोन्यासारखा आहे, पण तो माणसांनी भरलेल्या घरासाठी केलेला नाही. आमच्याकडे आजवर कुठलीच गोष्ट एका वेळी एक अशी झालेली नाही. पाहुणे, पंप बिघडणं आणि मोलकरणीची रजा हे तिन्ही आमच्याकडे हातात हात घालून येतात.

रविवारी सकाळी मेहुणे पोहे खायला आले आणि दारातूनच म्हणाले, “दाजी, ड्रायव्हर!” त्यांनी वायफाय बंद केलं, नाहीतर विंडोज मध्येच स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर आणून बसवतं. कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये नेला, डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचं अवजार चालवून जुन्या ड्रायव्हरचं नामोनिशाण मिटवलं. मग नवीनतम सोडून त्याच्या आधीचा ड्रायव्हर टाकला. “नवं ते सगळं चांगलं नसतं, दाजी,” असं म्हणून त्यांनी बहिणीकडे नवा फ्रिज का घेतला याची चौकशी सुरू केली.

ते फ्रिजमध्ये गुंतलेले असताना बायको स्क्रू ड्रायव्हर घेऊन आली. “अहो, हे आतून कधी पुसलंय का?” कॅबिनेटचा पत्रा निघाला आणि आम्ही सगळे गप्प झालो. कार्डाच्या पंख्यांची पाती काळी आहेत अशी माझी समजूत होती. ती करड्या रंगाची निघाली. घराजवळ झालेल्या पुलाच्या कामाची सगळी धूळ तिथे थरांवर थर देऊन नमद्यासारखी घट्ट बसली होती. आतल्या पत्र्याच्या फटींतून वारा जाणं सोडाच, उजेडही जात नव्हता. एका फटीत शेंगदाण्याचं फोलपट अडकलेलं होतं. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी चिरंजीवांकडे पाहिलं, चिरंजीवांनी छताकडे पाहिलं. मग तिने दिवाळीच्या साफसफाईचा ब्लोअर आणला. पंखा वाऱ्याने गरागरा फिरून खराब होऊ नये म्हणून पात्याला बोट लावून धरायचं असतं. ते काम माझ्याकडे आलं. धूळही सगळी माझ्याकडेच आली.

पत्रा उघडाच आहे म्हणून चिरंजीवांनी विजेची तार बदलली. आमच्या कार्डाला आठ पिनांची दोन तोंडं आहेत. मदरबोर्डाच्या खाचेतून कार्डाला ७५ वॉटपर्यंत वीज मिळते आणि आठ पिनांच्या प्रत्येक तोंडातून १५० वॉटपर्यंत. जोडणाऱ्याने दोन्ही तोंडं एकाच तारेच्या दोन फाट्यांवर भागवली होती. चिरंजीवांनी दोन स्वतंत्र तारा लावल्या. तेवढ्यात वीज मंडळातून निवृत्त झालेले शेजारी टेस्टर खिशाला लावूनच आले. “अर्थिंग!” ते म्हणाले. त्यांनी एक्स्टेन्शन बोर्ड काढून टाकला, प्लग थेट भिंतीत खोचला आणि या इमारतीचं वायरिंग कसं झालं याची हकिकत पहिल्या मजल्यापासून सांगायला घेतली.

आई इतका वेळ गप्प होती. आता तिने निकाल दिला, “त्याचं तोंड दक्षिणेला आहे. आधी ते फिरवा.” आईशी वाद घालायची आमच्यात पद्धत नाही. कॉम्प्युटर टेबलाखालच्या बंद कप्प्यातून निघाला आणि खिडकीजवळ उत्तराभिमुख झाला. तिथे त्याच्या चारही बाजूंनी वारा खेळतो. वास्तुशास्त्र आणि उष्णताशास्त्र यांचं इतकं एकमत मी प्रथमच पाहिलं.

एवढ्यावर न थांबता मी तपकीर गल्लीतल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानदारालाही फोन लावला. त्याने न बघताच सांगितलं, “काका, कार्ड गेलं. घेऊन या, हीट गन मारून देतो.” कार्ड वर्षानुवर्षं तापतं आणि निवतं, त्यात चिपखालचे टाके सुटू शकतात, उष्णता दिली की कधीकधी तात्पुरते धरतात. लोकांनी यासाठी आपली कार्डं घरच्या ओव्हनमध्येसुद्धा भाजलेली आहेत. असं भाजलेलं कार्ड चाललं तरी फार दिवस चालत नाही आणि ओव्हन नंतर खाण्याच्या कामाचा राहत नाही. हे मी मोठ्याने बोललो. बायको उठली, स्वयंपाकघरात गेली आणि ओव्हनसमोर खुर्ची टाकून बसली.

संध्याकाळी कॉम्प्युटर चालू केला. कोलोनची झाडं हिरवीगार. त्रिकोण नाहीत, चौकटी नाहीत. आधी कार्डाचं तापमान ८८ अंशांवर जायचं, आता ७१ वर अडून राहिलं. चीज म्युनिकला पोचलं.

आणि खरा बिघाड तिथून सुरू झाला. मेहुण्यांनी ड्रायव्हरचा विजय जाहीर केला आणि ते विजयाचा चहा मागून बसले. बायको म्हणाली, तापमान उतरलं ते ब्लोअरमुळे, ड्रायव्हरला फडकं मारता येतं का? चिरंजीव तारांवर ठाम. शेजारी अर्थिंगवर ठाम. आई काहीच बोलली नाही; तिने देवापुढे साखर ठेवली आणि सगळ्यांच्या हातावर दिली. तिच्यापुरता खटला निकाली निघाला होता.

मी सुचवलं की शास्त्राला धरून एकेक गोष्ट उलटी फिरवून बघू. जुना ड्रायव्हर परत टाकू. नाहीच काही झालं तर तारा पूर्ववत करू. त्यानेही झालं नाही तर धूळ...

“धूळ परत भरणार?” बायकोने विचारलं. “चालत्या गाड्याला खीळ घालायची हौस कशाला? आणि तुमचं ते फोलपटही जपून ठेवलंय का?”

त्यामुळे आमच्या कार्डाला नक्की काय झालं होतं हे आजही सिद्ध झालेलं नाही. उद्या झाडं पुन्हा जांभळी झाली तर पाच वैद्य पुन्हा एकदम धावून येतील आणि पाचही जणांकडे मागच्या वेळच्या यशाचा दाखला असेल.

तेव्हा तुमच्या गेममध्ये झाडं जांभळी झालीच, तर आधी स्क्रीनशॉट काढा. त्यात ती हिरवी आली तर केबल काढून घट्ट बसवा. जांभळी आली तर तापमान बघा, धूळ काढा, मग ड्रायव्हर, मग विजेच्या तारा. दुकानाची पायरी सगळ्यात शेवटी. नुसता कॉम्प्युटर चालायला हवा असेल तर सगळं एकदम करा. पण का बिघडला होता हेही कळायला हवं असेल, तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि त्याआधी घरच्यांना कुणाच्या तरी लग्नाला पाठवून द्या.