साठीचे घोडे

चेन्नईच्या गिंडीत अठराव्या शतकापासून घोडे धावत आले. शर्यतीचा घोडा दोन-तीन वर्षांचा असताना मैदानात उतरतो आणि त्याच्या वयाचं माणसाचं पोर चौथीत जाईस्तोवर बहुधा निवृत्तही होतो. सप्टेंबर 2024 मध्ये सरकारने रेसकोर्सची सुमारे 160 एकर जागा ताब्यात घेतली. धावण्याची जबाबदारी आता पेन्शनरांवर.

आणि पेन्शनर मागे हटत नाहीत. 2021 साली राज्याचे आरोग्यमंत्री झालेले मा. सुब्रमणियन साठी ओलांडलेले, शंभरावर अर्धमॅरेथॉन धावलेले. आरोग्यमंत्री झालेला माणूस मधुमेह अंगावर घेऊन धावतो, तर मुलाकडे राहायला आलेल्या आपल्या काकांना कोण अडवणार? काका पहाटे साडेचारला उठतात, म्हणजे घरच उठतं. मनगटावरचं घड्याळ नाडी सांगतं, वेग सांगतं, झोप अपुरी झाल्याचंही सांगतं. झोप कुणाची, ते सांगत नाही.

वय वाढेल तशी शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता दर दशकाला साधारण दहा टक्क्यांनी घटते. चेन्नईच्या दमट हवेत घामही वाळत नाही. काका हे सगळं जाणतात, ऐकवतातही, आणि दुसऱ्या मजल्यावर लिफ्टने जातात. पायांना विश्रांती हवी ना!

शिवाय रेल्वेने 2020 मध्ये बंद केलेली ज्येष्ठांची सवलत धावण्याच्या स्पर्धांत वयोगटाच्या रूपाने चालू आहे. सत्तरीवरच्या गटात तिसरा क्रमांक मिळवायला कधी कधी तिघंच पुरतात. काकांनी चौथ्याची चौकशी आधीच करून ठेवली आहे. त्याचा गुडघा दुखतो म्हणे.